हलके शब्द आणि जड इतिहास

राजांच्या सनदा, तहनामे, बखरी आणि पत्रव्यवहार हे आपण इतिहासाचे साधन मानतो आणि जिवापाड जपतो. ते योग्यच आहे. परंतु शिपायाने बराकीत, फेरीवाल्याने गल्लीत आणि गुराख्याने रानात जे शब्द घडविले त्यांचे दफ्तर सहसा कोणी ठेवीत नाही. इंग्रजीत अशा शब्दांस ‘स्लँग’ असे एकच आटोपशीर नाव आहे. मराठीत त्यास नेमका प्रतिशब्द सापडत नाही. ग्राम्य म्हणावे, तर हे शब्द बहुधा भर शहरात जन्म घेतात. अशिष्ट म्हणावे, तर त्यांतील पुष्कळसे अगदी निरुपद्रवी असतात. तूर्त आपण त्यांस ‘हलके शब्द’ म्हणू. हलके शब्द वापरणाराला काही लपवावयाचे असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो खोटा नाही. तथापि दरबारी आणि दफ्तरी शब्द त्याहून पुष्कळ अधिक लपवितात, आणि त्यांनी झाकलेले सत्य पुष्कळदा हलक्या शब्दातच शिल्लक राहते, हे ह्या लेखात दाखवावयाचे आहे.

लपविण्याच्या कलेत लंडनच्या पूर्व भागातील कॉकनी लोकांइतका लौकिक दुसऱ्या कोणी मिळविला नसेल. मराठी वाचकास कॉकनीची ओळख एका वेगळ्या वाटेने आधीच झालेली आहे. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधील फुले विकणारी मुलगी ह्याच बोलीत बोलते, आणि १९७५ साली पु. ल. देशपांडे यांनी तिला ‘ती फुलराणी’ करून आपल्या घरात आणले. सेंट मेरी-ल-बो ह्या देवळाच्या घंटा ऐकू येतील एवढ्या टापूत जो जन्मला तो खरा कॉकनी, अशी जुनी व्याख्या आहे. १९४१ च्या बाँबवर्षावात हे देऊळ उद्ध्वस्त झाले आणि त्याच्या घंटा पुन्हा वाजू लागावयास १९६१ साल उजाडले. मधल्या वीस वर्षांत व्याख्येप्रमाणे एकही कॉकनी जन्मला नाही असे म्हणावे लागेल! पण बोली थांबली नाही. बोलीला घंटेची गरज नसते.

ह्या लोकांची यमकी बोली कशी चालते ते पाहा. ‘लुक’ म्हणजे पाहणे. त्याच्याशी जुळणारे यमक ‘बुचर्स हुक’, म्हणजे खाटकाचा आकडा. म्हणून पाहण्यास ‘बुचर्स हुक’ म्हणावयाचे. येथपर्यंत परका मनुष्यही तर्काने पोचू शकेल. परंतु पुढची पायरी अशी की जो भाग यमकाचा, नेमका तोच गाळावयाचा, राहिले ‘बुचर्स’. आता खाटकाचा आणि पाहण्याचा संबंध बाहेरच्याने लावावा कसा? ह्याच रीतीने ‘हेड’ म्हणजे डोके, त्याचे ‘लोफ ऑफ ब्रेड’ झाले आणि उरला नुसता ‘लोफ’. ‘डोके चालव’ म्हणावयाचे, तर कॉकनी ‘पाव चालव’ म्हणतो. आपल्याकडे कोणी ‘चहा’स ‘नऊ-दहा’ म्हणू लागावे, पुढे ‘दहा’ सोडून द्यावे आणि हॉटेलात शिरून “दोन नऊ आण रे” अशी आज्ञा करावी, तसाच हा प्रकार आहे.

हिचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकातला दिसतो. जॉन कॅम्डेन हॉटन याने १८५९ साली हलक्या शब्दांचा कोश छापला, त्यात ही बोली बारा-पंधरा वर्षांपूर्वी निघाली असून गाणी आणि बातम्यांची पत्रके ओरडून विकणारे फिरस्ते ती बोलतात असे नमूद केले आहे. भाजी-फळांचे गाडीवाले त्याआधीपासून शब्द उलटा करून बोलत. ‘बॉय’ उलटा केला की ‘यॉब’ होतो, आणि हा ‘यॉब’ आज दांडगट पोरास उद्देशून शिष्ट वर्तमानपत्रातही छापला जातो. १८२९ साली लंडनला नवे पोलीसदल आले होते. फेरीवाल्यास रस्त्यात उभे राहू न देणे हे त्याचे एक रोजचे काम होते. पोलिसाला कळू नये म्हणून ही बोली निघाली असे कोणी म्हणतात, गिऱ्हाइकाला भाव कळू नये म्हणून असे दुसरे म्हणतात, तर निव्वळ शब्दांच्या हौसेतून निघाली असे तिसरे म्हणतात. मला तिन्ही कारणे एकमेकांस पूरक वाटतात.

हे सर्व परकीय वाटत असेल तर आपल्या घरात डोकवावे. शब्दाच्या आरंभी ‘च’ घालून मूळचे पहिले अक्षर शेवटी न्यावयाचे, म्हणजे ‘कमळ’ हा ‘चमळक’ होतो. ही ‘च’ची भाषा लहानपणी ज्याने वडीलमंडळींसमोर वापरली नाही असा मराठी मनुष्य विरळा. गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून बैलाची किंमत ठरवितात, आणि शेजारी उभ्या असलेल्या बैलाच्या मालकालाही ती कळत नाही. महानुभाव पंथीयांनी तर आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांत लिहून शतकानुशतके सांभाळले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्यातील किल्ली शोधून काढली, तेव्हा मराठीच्या आद्य गद्याचे भांडार मोकळे झाले. मुले, दलाल आणि पंथीय ह्यांचे हेतू निरनिराळे. तथापि ज्याला कोणापासून तरी आडोसा हवा असतो तो भाषेचीच भिंत उभारतो, एवढी गोष्ट तिन्ही ठिकाणी समान आहे.

आता लंडनच्या गल्लीतून आपल्या मुलखात यावयाचे आहे. आणि ती वाट गोऱ्या पलटणीची आहे. हिंदुस्थानात येणारा गोरा शिपाई, ज्याला ‘टॉमी’ म्हणत, तो कोणी सरदारपुत्र नव्हता. लंडनच्या गल्ल्या, आयर्लंडची खेडी, वेल्सच्या खाणी येथून पोटासाठी निघालेला तो गरीब मनुष्य होता. पंडित ठेवून हिंदुस्थानी शिकणे साहेबाला शक्य होते. टॉमी ती कानाने शिकला. मोहरममधील ‘या हसन, या हुसेन’ ही आरोळी त्याच्या कानी पडली आणि तिचे त्याने ‘हॉब्सन-जॉब्सन’ करून टाकले. कर्नल यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली अशा अँग्लो-इंडियन शब्दांचा जो थोर कोश प्रसिद्ध केला, त्यास त्यांनी हेच नाव दिले. आपले ‘बाप रे’ त्याच्या तोंडी ‘बॉबरी’ झाले आणि त्याचा अर्थ गोंगाट असा ठरला. ‘देखो’चा ‘डेको’, ‘खुशी’पासून सुखाच्या नोकरीचा ‘कुशी’, ‘चिठ्ठी’चा ‘चिट’, ‘पक्का’चा ‘पक्का’च. ‘विलायती’ हा तर ‘ब्लायटी’ होऊन बसला. १९१४–१८ च्या महायुद्धात खंदकातला शिपाई ‘ब्लायटी’ मिळावी म्हणून देवाची प्रार्थना करी. म्हणजे मरण येऊ नये, पण विलायतेस परत धाडावे लागेल एवढी जखम व्हावी. युद्धखात्याच्या पत्रकांत शौर्य, त्याग, कर्तव्य हे शब्द होते. शिपायाच्या मनात खरोखर काय होते ते सांगणारा शब्द एकच, आणि तो आपल्या ‘विलायती’तून गेलेला.

देवघेव एकाच बाजूने झाली असे मात्र समजू नये. मुंबईच्या चाकरमान्याचा ‘टिफिन’ अस्सल देशी वाटतो. पण अवेळी खाणेपिणे ह्या अर्थाचा ‘टिफिंग’ हा शब्द ग्रोसच्या १७८५ सालच्या लंडनी हलक्या शब्दांच्या कोशात नोंदलेला आहे. तिकडे ज्याचा मागमूस राहिला नाही, तो शब्द येथे डब्यात सुखरूप राहिला.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. अशा शब्दांच्या उगमाविषयी सुरस कथा फार लवकर रचल्या जातात. ‘पॉश’ म्हणजे ऐटबाज. हिंदुस्थानास येताना बोटीच्या डाव्या बाजूची आणि जाताना उजव्या बाजूची सावलीतली खोली श्रीमंत प्रवासी घेत, त्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून ‘पॉश’ झाला, अशी कथा आपल्या शिक्षितांतही रूढ आहे. बोटीच्या कंपनीच्या कागदपत्रांत अथवा तिकिटांवर तिचा पुरावा मिळालेला नाही. कथा जितकी नीटस, तितका तिच्याविषयी संशय अधिक घ्यावा. पण काही वेळा सत्यही कथेइतके विलक्षण असते. त्याचे उदाहरण म्हणून एका मराठी गावाची हकीकत सांगतो.

इंग्रजीत डोके फिरलेल्या मनुष्यास ‘डूलॅली’ म्हणतात. हा शब्द आजही प्रचारात आहे, आणि तो उच्चारणाऱ्यांपैकी बहुतेकांस तो एका गावाचे नाव आहे ह्याची कल्पना नसते. ते गाव म्हणजे नाशिकजवळचे आपले देवळाली. १८६१ साली तेथे गोऱ्या सैन्याची छावणी झाली. हिंदुस्थानातील नोकरीची मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तेथे राहत. बोटी निघत त्या हिवाळ्याच्या सुमारास. ज्याची मुदत शेवटची बोट सुटल्यावर संपे त्याला सबंध उन्हाळा आणि पावसाळा तेथेच कंठावा लागे. हाताला काम नाही, अंगावर जबाबदारी नाही, उन्हाचा ताप आणि हिवतापाचा ताप, भरीस दारू. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका साध्या शिपायाने १९३६ साली आपल्या हिंदुस्थानातील नोकरीच्या आठवणी प्रसिद्ध केल्या, त्यांत ह्या वाट पाहण्याचे आणि त्यापायी विचित्र वागू लागणाऱ्या सोबत्यांचे वर्णन आले आहे. अशा सोबत्याला ‘डूलॅली टॅप’ झाला म्हणत. ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. देवळालीचा ताप! पुढे ‘ताप’ गळाला आणि ‘देवळाली’ तेवढी राहिली. यमकी बोलीत अर्धा शब्द गळतो, अगदी तसेच झाले.

सैन्याच्या दफ्तरात ह्या माणसांस ‘मुदत संपलेले’ असे नाव होते. वखारीतील मालाला शोभावे असे ते नाव आहे. त्यात एकटेपणा नाही, घराची ओढ नाही, झुरणे नाही. ते सर्व त्या टवाळ ‘डूलॅली’त आहे. १९७४ पासून काही वर्षे बी.बी.सी.ने देवळालीच्या छावणीवर एक विनोदी मालिका दाखविली आणि इंग्लंड पोट धरून हसले. आता त्याच देवळालीस भारतीय तोफखान्याचे शिक्षणकेंद्र आहे. ज्या माणसांच्या दुःखातून तो शब्द निघाला, त्यांच्याविषयी मराठी माणसाला विशेष प्रेम वाटण्याचे कारण नाही हे खरे. ते जेत्यांचे शिपाई होते. तरीपण इतिहास लिहिणाराने दुःख ओळखताना त्याचा पक्ष विचारू नये.

जित्यांच्या बाजूची हकीकत सांगावयास मात्र मला दूर जावे लागत नाही. चंद्रपूरचा परकोट रोज डोळ्यांसमोर असतो. तेव्हाच्या ह्या चांदा शहरास मे १८१८ मध्ये कर्नल ॲडम्स याने वेढा घातला. तोफांनी तट फोडून शहर घेतले आणि किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. त्या युद्धात जेत्या सैन्यास जी दौलत मिळाली तिला कंपनीच्या भाषेत ‘प्राइझ’ म्हणजे बक्षीस म्हणत. ‘दख्खनचे प्राइझ’ ह्या नावाने तिच्या वाटणीचा वाद लंडनमध्ये पुढे कित्येक वर्षे चालला. आता बक्षीस कोणी तरी खुशीने द्यावयाचे असते. ते भिंत फोडून घेता येत नाही. साध्या शिपायाने ह्याच कृत्याला आपल्याकडून उचललेला शब्द वापरला : ‘लूट’. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत छापला गेलेला आढळतो आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तो सर्वतोमुखी झाला. प्रथम तो हलका मानला गेला. आज इंग्रजीस त्यावाचून चालत नाही. दोन शब्दांपैकी खरे कोणता बोलला हे वाचकांनीच ठरवावे.

दुसरा शब्द ‘चौकी’. टॉमीच्या तोंडी तो ‘चोकी’ झाला आणि त्याचा अर्थ तुरुंग असा ठरला. दारू पिऊन दंगा केला, चार दिवस चोकीत काढले, अशा थट्टेच्या सुरात तो येतो. चांद्याच्या तुरुंगापुढून जाताना ही थट्टा माझ्या गळ्याखाली उतरत नाही. मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबूराव पुल्लेश्वर शेडमाके यांनी १८५८ साली ह्या झाडीत इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांस ह्या तुरुंगाच्या आवारात फाशी देण्यात आले. वय अवघे पंचवीस वर्षांचे. दरवर्षी त्या दिवशी तेथल्या पिंपळाखाली माणसे जमतात. एकच शब्द, एकाच्या लेखी चार दिवसांची गंमत, दुसऱ्याच्या लेखी अखेरची जागा. कोशात दोन्ही अर्थ यावयास हवेत.

‘जंगल’ ह्या शब्दाची गोष्ट अशीच बोधप्रद आहे. संस्कृतात ‘जांगल’ म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा प्रदेश. वैद्यकात ‘आनूप’ म्हणजे पाणथळ देशाच्या उलट तो सांगितला आहे. तो देशी भाषांत दाट अरण्याचा वाचक झाला, १७७६ साली हॅल्हेडच्या ग्रंथातून इंग्रजीत उतरला आणि तेथे ‘जंगलचा कायदा’ म्हणजे कायद्याचा अभाव असा त्याचा लौकिक झाला. मग १८७८ च्या वनकायद्याने ह्या जंगलाला ‘राखीव’ असे सभ्य विशेषण मिळाले. कोणासाठी राखीव आणि कोणापासून राखीव, हे त्या विशेषणात येत नाही. येथील माणूस मात्र आपल्या मुलखास पूर्वीपासून ‘झाडी’ म्हणत आला. झाडीत भय नाही, मालकी नाही; तेथे फक्त झाडे आहेत आणि त्यांमध्ये राहणारे आपण आहोत.

ह्या झाडीपट्टीत अजून एक शब्द आहे आणि तो मला लंडनच्या कोणत्याही शब्दाइतकाच गमतीचा वाटतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया ह्या जिल्ह्यांत धानाला पाणी देणारे जे जुने तलाव आहेत त्यांस ‘मामा तलाव’ म्हणतात. एकदा वर्गात ह्याचे कारण विचारले, तेव्हा एका विद्यार्थ्याने, मामा जसा भाच्याचे लाड करतो तसा हा तलाव शेताचे करतो म्हणून, असे उत्तर दिले. उत्तर इतके गोड होते की ते खोडून काढणे जिवावर आले. वस्तुस्थिती अशी की १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि दफ्तरात त्यांची नोंद ‘माजी मालगुजारी तलाव’ अशी झाली. कारकुनाने त्याचे ‘मा. मा. तलाव’ केले आणि लोकांनी दोन टिंबे पुसून त्यांस मामा बनविले. ह्यातील मौज बाजूला ठेवली तर एक गोष्ट ध्यानात येते. गोंड राजांच्या काळी हे तलाव बांधण्यात ज्यांचा हात मोठा, तो कोहळी समाज. परंतु दफ्तरी नावात त्याचा उल्लेख नाही, आहे तो शेवटच्या मालगुजाराचा. लोकांनी मालगुजारालाही काढून टाकले आणि तलावाशी थेट नाते जोडले. माझ्या मते तो न्याय झाला.

शेवटी एक कबुली देतो. ह्या भागातील मराठीस झाडीबोली म्हणतात. तीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘र’. ‘डोळा’ हा ‘डोरा’ होतो. (गोंडी ही मात्र मराठीची बोली नव्हे, ती द्राविड कुळातील स्वतंत्र भाषा आहे, हे पुष्कळ सुशिक्षितांस अजून सांगावे लागते.) नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुलाने वर्गात उभे राहून ‘डोरा’ म्हटले आणि वर्ग हसला. मीही हसलो, आणि शब्द सुधारून दिला. तो मुलगा त्या वर्षात पुन्हा उभा राहून बोलला नाही. त्याच महिन्यात मी कॉकनी लोक ‘थिंक’चा ‘फिंक’ कसा करितात हे मोठ्या रसिकतेने शिकविले होते. लंडनच्या भाजीवाल्याचा उच्चार मला भाषाशास्त्र वाटला, आणि सावलीच्या किंवा आरमोरीच्या शेतकऱ्याच्या मुलाचा उच्चार चूक वाटली. ह्या विसंगतीचा अर्थ कळावयास मला बरीच वर्षे लागली.

डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकाने झाडीबोलीचे शब्द गावोगाव फिरून गोळा केले आणि तिचा कोश सिद्ध केला. हे काम एका माणसाचे नव्हे. हॉटनने आपला कोश रस्त्यावरच्या फिरस्त्यांना विचारून केला. आपल्याला तर रस्त्यावरही जावे लागत नाही. प्रत्येक घरात आजी आहे, शेतावर येणारा जुना गडी आहे, माहेरचा शब्द सासरी विसरून गेलेली काकू आहे. त्यांच्या तोंडचा जो शब्द आपल्याला हसू आणतो, तो एका वहीत उतरून घ्यावा आणि तो कोठून आला ते त्यांनाच विचारावे. ‘लूट’ हा शब्द कोणी तरी हलका म्हणून टाकून दिला असता, तर आज आपल्यापाशी ‘बक्षीस’ एवढाच शब्द उरला असता.